उद्याचा आवाज कोणाचा? डिस्नेलँड, सिंथेसायझर आणि रॉक : १९६७ ते १९८६

थ्रेड. थीम पार्कमधील संगीत हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, हेच अनेकांना पटत नाही. ते संगीत ऐकायला कोणी जात नाही. पाळण्याच्या रांगेत उभे असताना ते आपोआप कानांवर पडते. परंतु १९८०च्या आसपास अमेरिकेतील एका कंपनीला एका प्रश्नाचे उत्तर रोज, हजारो लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून द्यावे लागत होते. भविष्यकाळ ऐकू कसा येतो? त्या उत्तरात सिंथेसायझरला मानाचे पान मिळाले आणि रॉकला दाराशी ताटकळत ठेवले गेले. असे का घडले, याची ही हकीकत.

प्रारंभ थीम पार्कपासून बराच दूर होतो. जून १९६७. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे तीन दिवसांचा पॉप महोत्सव भरला होता. जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली ती येथेच, आणि पंडित रविशंकरांची अमेरिकन तरुणांसमोरील गाजलेली मैफलही येथलीच. त्याच मैदानावर पॉल बीव्हर आणि बर्नी क्राउस हे दोघे एक ठेला मांडून बसले होते. विकायला होते एक विचित्र यंत्र : तारांचे जंजाळ, बटणांच्या रांगा आणि पुढे पियानोसारखी पट्टी. न्यूयॉर्क राज्यातील अभियंता रॉबर्ट मूग याने १९६४ साली सिद्ध केलेला हा सिंथेसायझर. हवा फुंकून, तार छेडून किंवा कातडे बडवून ध्वनी निर्माण करण्याऐवजी हे यंत्र विद्युत्प्रवाहाच्या कंपनांना आकार देऊन सूर घडवीत असे.

पश्चिम किनाऱ्यावरील रॉक संगीतकारांना मूगची ओळख करून देणाऱ्यांत बीव्हर अग्रभागी होता. ‘द डोअर्स’ या गटाच्या १९६७च्या ‘स्ट्रेंज डेज’ या तबकडीवरील मूगचे सूर जुळवून देण्यात त्याचा हात होता. हे नाव लक्षात ठेवावे. पाच वर्षांनी ते अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटते.

त्याच वर्षी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हॅनगार्ड कंपनीने एक गमतीदार तबकडी काढली. तिचे कर्ते दोघे परदेशस्थ. झाँ-झाक पेरी हा फ्रेंच, फितींचे तुकडे कापून-जोडून ताल रचण्यात तरबेज. गर्शन किंग्सली हा जर्मनीत जन्मलेला ज्यू, नाझी राजवटीत घर सोडून पॅलेस्टाइनमार्गे अमेरिकेत आलेला. या तबकडीवर ‘बरोक होडाउन’ नावाची एक छोटी रचना होती. नावातच तिचा विनोद आहे : अठराव्या शतकातील युरोपीय दरबाराची नक्षी आणि अमेरिकन खेड्यातल्या धान्यकोठारातला नाच, दोन्ही एकाच यंत्रावर. (याच किंग्सलीची ‘पॉपकॉर्न’ ही धून पुढे १९७२ साली ‘हॉट बटर’ या गटाने वाजवून जगभर पोहोचवली.)

१७ जून १९७२ रोजी डिस्नेलँडमध्ये रात्रीची ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’ सुरू झाली. अंधारलेल्या रस्त्यावरून दिव्यांनी मढवलेले चित्ररथ एकामागून एक सरकत जाणार, अशी कल्पना. पार्कच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख बॉब जानी आणि त्यांचे सहकारी रॉन मिझिकर यांनी ती प्रत्यक्षात आणली. मिरवणुकीसाठी संगीत निवडले गेले ते ‘बरोक होडाउन’. आणि ते नव्याने बांधून देण्याच्या कामात जिम ख्रिस्टेन्सन यांच्यासोबत होता पॉल बीव्हर. माँटेरेच्या मैदानात रॉकवाल्यांना मूग विकणारा माणूस पाच वर्षांत मिकी माउसच्या मिरवणुकीचा ध्वनिकार झाला होता.

या प्रवासाकडे दोन बाजूंनी पाहता येते. रॉकने शोधलेले वाद्य डिस्नेने निर्जंतुक करून वापरले, ही एक बाजू, आणि रॉकचे चाहते ती हिरिरीने मांडतात. परंतु ती अर्धवट आहे. १९६८ साली वेंडी कार्लोस यांच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ने मूगला घरोघर नेले, ते बाखच्या खांद्यावर बसवून. सिंथेसायझर आणि बरोक संगीत यांची सांगड लोकांच्या कानांत तेव्हाच पक्की झाली. पुढे कीथ एमर्सनसारखे रॉक वादकही अभिजात रचना मूगवर वाजवू लागले. म्हणजे यंत्र एकाच वेळी दोन घरांत वाढत होते. डिस्नेने त्यांपैकी शिष्टसंमत घर निवडले, इतकेच.

मिरवणुकीच्या संगीतापुढची खरी अडचण सौंदर्याची नव्हती, अंतराची होती. व्यासपीठावर वाद्यवृंद एका जागी असतो आणि श्रोतेही. येथे श्रोते रस्त्याच्या कडेला स्थिर आणि संगीत चाकांवर. सिंड्रेलाचा रथ समोर आला की सिंड्रेलाची धून ऐकू यावी, तो पुढे सरकला की मागच्या रथाची धून यावी, आणि दोन्ही एकमेकींवर आदळू नयेत. यावरचा तोडगा साधा आणि सुंदर होता. ‘बरोक होडाउन’चा ठेका सर्वत्र अखंड चालू ठेवायचा, आणि प्रत्येक चित्ररथाची स्वतंत्र धून त्याच लयीत, त्याच स्वरमेळात बसेल अशी बांधायची. कीर्तनात टाळ-मृदंग एकच चालू असतो आणि त्यावर निरनिराळे अभंग येऊन बसतात, तसे काहीसे.

माणसांच्या वाद्यवृंदाला ही शिस्त रोज रात्री, मैलाच्या हिशेबात पांगलेल्या रस्त्यावर, पाळणे अशक्य होते. यंत्राला ती सहज जमली. सिंथेसायझर पार्कमध्ये रुजण्याचे कारण ‘तो भविष्यवेधी वाटत होता’ असे सांगितले जाते. ते खरे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे हे की तो वेळ चुकत नव्हता.

१९७५ व ७६ ही दोन वर्षे अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘अमेरिका ऑन परेड’ ही दुसरी मिरवणूक निघाली. तिच्यासाठी ‘सॅडी मे’ नावाचा एक जुनाट बँड ऑर्गन ध्वनिमुद्रित करण्यात आला. या कामातून डॉन डॉर्सी हा तरुण पार्कच्या संगीतात शिरला. पॉल बीव्हर १९७५च्या आरंभीच निवर्तला होता. १९७७ साली इलेक्ट्रिकल परेड परतली, तेव्हा तिचे संगीत डॉर्सीने पार्कचे निवेदक जॅक वॅग्नर यांच्यासह नव्याने घडवले. आरंभीची घोषणा व्होकोडरमधून देण्यात आली. या यंत्रात माणसाचे उच्चार आणि सिंथेसायझरचा सूर एकत्र होऊन बोलते धातू ऐकल्याचा भास होतो. कॅलिफोर्नियात त्या वर्षांत लहानाचे मोठे झालेल्या पिढीला भविष्यकाळाची चाहूल लागली, ती बहुधा या आवाजातून.

आता रॉककडे. डिस्नेलँडला रॉक वर्ज्य होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९६७ साली नव्याने रचलेल्या टुमॉरोलँडमध्ये एक उपाहारगृह होते. तेथील फुलझाडांच्या वाफ्याखालून वादकांसह व्यासपीठ वर येत असे आणि तरुण मंडळी चालू लोकप्रिय गाण्यांवर नाचत. परंतु हे रॉक पाहुण्यासारखे होते : नीटनेटके कपडे, परिचित गाणी, ठरलेली वेळ. केसांची लांबी हा त्या काळी पार्कमध्ये खरोखरच प्रशासकीय विषय होता. ६ ऑगस्ट १९७० रोजी ‘यिप्पी’ म्हणवणारे काही शे तरुण आत शिरले, टॉम सॉयर बेटावर झेंडा लावला, घोषणा दिल्या आणि पार्कला त्या दिवशी वेळेआधी दारे बंद करावी लागली. लांब केस, गिटार आणि गोंधळ यांची व्यवस्थापनाच्या मनातली सांगड त्यानंतर घट्ट न होती तरच नवल. (पुरुष कर्मचाऱ्यांना मिशी ठेवण्याची मोकळीक २००० साली मिळाली आणि दाढीची २०१२ साली, यावरून संस्थेची स्मरणशक्ती लक्षात यावी.)

येथेच सिंथेसायझरचा दुसरा फायदा दिसतो. त्याला केस नव्हते. मूगच्या मागे कोण बसले आहे हे प्रेक्षकाला दिसत नसे. गिटारच्या मागे मात्र एक माणूस उभा असतो, त्याचा घाम, त्याचा आविर्भाव आणि त्याची पिढी यांसकट. रॉकचा ध्वनी घ्यायचा तर तो माणूसही घ्यावा लागतो.

१९७७ साली तीन गोष्टी एकत्र आल्या. २५ मे रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. दोनच दिवसांनी डिस्नेलँडमध्ये ‘स्पेस माउंटन’ हा अंधारातला रोलर कोस्टर सुरू झाला, आणि त्याच संकुलाचा भाग म्हणून ‘स्पेस स्टेज’ हा खुला रंगमंच उभा राहिला. अवकाशाची हवा होती, अवकाशाचा रंगमंच होता. त्यावर काय वाजवायचे हे मात्र ठरले नव्हते.

कंपनीच्या ध्वनिमुद्रण शाखेला, डिस्नेलँड रेकॉर्ड्सला, दरम्यान वेगळाच साक्षात्कार झाला होता. १९७९ साली तिने ‘मिकी माउस डिस्को’ नावाची तबकडी काढली. जाणत्यांनी नाके मुरडली, पण तिचा खप प्लॅटिनमच्या घरात गेला. मुलांना आजच्या ठेक्यावर नाचायचे असते, आणि पैसे देणाऱ्या आईवडिलांना ते चालते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढची उडी साहजिक होती : जुन्या पात्रांना नवा ठेका देण्याऐवजी नवीच पात्रे घेऊन एक खराखुरा रॉक गट उभा करायचा.

त्या गटाचे नाव ‘हॅलिक्स’. गॅरी क्रिसेल आणि जिम मॅगन या शाखेतील मंडळींच्या डोक्यात ‘स्टार वॉर्स’मधील परग्रहवासी आणि ‘किस’ या रॉक गटाची रंगरंगोटी यांचे मिश्रण होते. संगीतासाठी माइक पोस्ट यांना घेण्यात आले, आणि ही निवड बोलकी आहे. पोस्ट हे दूरचित्रवाणी मालिकांच्या शीर्षकसंगीतातले मातब्बर. ‘द रॉकफर्ड फाइल्स’च्या धूनमध्ये त्यांनी मिनीमूग सिंथेसायझर आणि गिटार यांना एकाच वाक्यात बोलायला लावले होते, आणि त्याबद्दल ग्रॅमी पारितोषिकही मिळवले होते. सिंथेसायझर आणि रॉक यांना एका पंगतीत बसवायचे तर याहून योग्य यजमान मिळणे कठीण होते.

१९८१च्या उन्हाळ्यात हॅलिक्स स्पेस स्टेजवर उभा राहिला. गायिका लोरा ममफर्ड ही मानवी रूपात, सर्वांच्या पुढे. गिटारवर ब्रूस गाउडी, ड्रमवर ब्रायन लुकस. बेस गिटार वाजवणारा रॉजर फ्रीलँड आपादमस्तक केसाळ प्राण्याच्या वेषात होता. ‘च्युबॅका’ पाहिलेल्या मुलांना त्याची ओळख करून द्यावी लागत नसे. तालवादक टोनी कपोला बेडकासारख्या उभयचराच्या सोंगात कोलांट्या घेई. आणि कीबोर्डवादक टॉम मिलर यंत्रमानवाच्या वेषात एका फिरत्या वाहनात बसून वाजवीत असे. सिंथेसायझर पार्कमध्ये अनेक वर्षे अदृश्य होता. येथे प्रथमच तो चाकांवर बसून, प्रकाशझोतात, गिटारच्या बरोबरीने आला.

वर्णन वाचून ही निव्वळ नकलाकारी वाटेल. उरलेल्या ध्वनिफिती ऐकल्या की ग्रह बदलतो. गाणी गटाची स्वतःची होती, परक्या लोकप्रिय गाण्यांची उजळणी नव्हती. ममफर्डच्या गळ्यात धार आहे. गिटार मागे हटत नाही. कीबोर्ड नुसता अवकाशी आवाजांचा मुलामा देत नाही, धून पुढे नेतो. लव्हाट्यासारख्या केसांखाली, रबराच्या मुखवट्याआड, ही मंडळी मनापासून आणि तयारीने वाजवीत होती. मुखवटा घालून बेस गिटार वाजवणे म्हणजे बोटे न पाहता वाजवणे, तेही दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात. त्या मेहनतीला कोणी विनोद म्हणू नये.

हेतू केवळ पार्कपुरता नव्हता. तबकडी काढावी, गटाला पार्कबाहेरही उभे करावे, असा बेत होता. स्पेस स्टेजवरील उन्हाळा ही त्याची चाचणी होती. तीच गटाची पहिली आणि शेवटची फेरी ठरली. उन्हाळा संपला, हॅलिक्स परतला नाही. तबकडी निघाली नाही.

अपयशाची कारणे शोधताना एखाद्या अधिकाऱ्याला खलनायक करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा रचनेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. थीम पार्क दर वीस मिनिटांनी तोच अनुभव नव्या माणसांना देतो. अनुभव एकसारखा असणे हीच त्याची हमी. रॉक गट याच्या उलट वागतो. त्याला चाहते लागतात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी तीच माणसे. ती वाढली की वादकांना नाव मिळते, नाव मिळाले की ते मुखवट्यात मावत नाहीत. मिकीच्या पोशाखातील माणूस बदलला तरी मिकी बदलत नाही. ममफर्डचा गळा बदलला असता तर हॅलिक्स बदलला असता. कंपनीला पात्रे हवी होती आणि तिच्या हाती कलावंत लागले होते.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, याच प्रश्नाला कंपनीने दोन निरनिराळी उत्तरे दिली. पहिले पडद्यावर. ९ जुलैला ‘ट्रॉन’ प्रदर्शित झाला : संगणकाच्या पोटातील जगाची कथा. संगीत वेंडी कार्लोस यांचे. त्यांनी सिंथेसायझर आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांना एकमेकांत अशा रीतीने विणले की शिवण शोधावी लागते. त्याच चित्रपटात ‘जर्नी’ या त्या काळी अत्यंत लोकप्रिय असलेल्या रॉक गटाचे गाणेही होते. त्याचे चित्रपटातील स्थान पाहण्यासारखे आहे : रॉक वाजते ते माणसांच्या जगात, व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या गजबजाटात, यंत्राच्या अंतरंगात शिरले की कार्लोस यांचे सूर. डिस्नेलँडमधील ‘पीपलमूव्हर’ या संथ गाडीच्या एका बोगद्यातही त्या वर्षी ट्रॉनची दृश्ये झळकू लागली.

दुसरे उत्तर फ्लोरिडात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ‘एप्कॉट सेंटर’ उघडले. एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचे हे उद्यान म्हणजे कायमस्वरूपी जागतिक प्रदर्शनच. एकेका दालनाला एकेक महाकाय कंपनी प्रायोजक : ऊर्जेला एक्सॉन, वाहतुकीला जनरल मोटर्स, कल्पनाशक्तीला कोडॅक. येथील संगीताची सूत्रे बडी बेकर यांच्याकडे होती. १९१८ साली जन्मलेले बेकर हे मोठ्या वाद्यवृंदाच्या युगातले. ‘हाँटेड मॅन्शन’चे संगीत त्यांचेच. शेर्मन बंधूंनी ‘वन लिटल स्पार्क’ लिहिले, एक्स अटेन्सिओ यांच्या शब्दांना बेकर यांनी वाहतूक दालनासाठी चाल दिली. हे सारे ज्येष्ठ कारागीर होते आणि त्यांच्या भविष्यकाळाला ब्रॉडवेचा, चित्रपटगृहाचा, क्वचित लोकगीताचा वास येत होता. शेर्मन बंधूंनी संगणकावरही एक गाणे रचले. ते इंग्लिश गाणेबजावणीच्या जुन्या रंगमंची परंपरेतले आहे. संगणकाची स्तुती, पण चाल आजोबांच्या काळची.

यावर हसणे सोपे आहे. परंतु प्रायोजकाच्या जागी उभे राहून पाहिले तर निवड समजते. १९७० आणि ८०च्या दशकांच्या सांध्यावर अमेरिकेत तेलटंचाई, महागाई, बेकारी यांनी उद्याविषयी भय निर्माण केले होते. त्याच काळातले रॉक आणि इंग्लंडातून येणारे नवे सिंथेसायझर-पॉप यांतला भविष्यकाळ बराचसा थंड आणि एकाकी होता. ‘क्राफ्टवेर्क’चे जर्मन यंत्रमानव तर माणूस आणि यंत्र यांतला फरकच पुसायला निघाले होते. जनरल मोटर्सला असा उद्या विकायचा नव्हता. एप्कॉटच्या धून सुखद आहेत, कारण त्यांना धीर द्यायचा होता.

सिंथेसायझर एप्कॉटमध्ये आला तो पुन्हा रात्रीच्या अंधारातून, आणि पुन्हा डॉर्सीच्या हातून. तळ्यावरील १९८३च्या ‘अ न्यू वर्ल्ड फँटसी’ या रात्रीच्या खेळात अभिजात पाश्चात्त्य रचना सिंथेसायझरवर ऐकू येऊ लागल्या. १९८४ साली ‘लेझरफोनिक फँटसी’त त्यांना लेझर किरणांची जोड मिळाली. १९८५ साली डॉर्सीने ‘बाखबस्टर्स’ ही तबकडी काढली, ती टेलार्क कंपनीतर्फे. दिवसा वाद्यवृंद आणि रात्री विद्युत्स्वर, अशी ही विभागणी होती. तिच्यात रॉकला स्वतंत्र खोली नव्हती, पण ध्वनीच्या ठेवणीत ते झिरपले होते : बास सुरांचा दणका, ड्रमचा जोर, धून शिखराला नेण्याची पद्धत. ही सवय अठराव्या शतकाकडून आलेली नाही, ती रॉकच्या मैफलीतली आहे.

या सर्वांमागे यंत्रांत होत गेलेला बदलही ध्यानात घ्यावा लागतो. जुना मिनीमूग एका वेळी एकच सूर काढी. स्वरमेळ हवा तर एकेक सूर वेगवेगळा मुद्रित करून एकावर एक चढवावा लागे. १९७८चा ‘प्रॉफेट-५’ पाच सूर एकदम वाजवी आणि जुळवलेला आवाज स्मृतीत साठवून ठेवी. पाठोपाठ रोलँडचा आठ सुरांचा ‘ज्युपिटर-८’ आला. (हाच ज्युपिटर-८ वापरून मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवणारी तबकडी काढली, यंत्रे किती वेगाने जगभर पसरत होती याचा हा आपल्या घरचा दाखला.) १९८३ साली ‘मिडी’ हे मानक आले आणि निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या ‘डीएक्स-७’चे घंटानादी आवाज तर दशकाची ओळख ठरले. दहा वर्षांपूर्वी बीव्हरला आठवडे लागले असते असे काम आता एका माणसाला एका खोलीत बसून जमू लागले.

याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पार्कच्या संगीताच्या चाहत्यांत फारसा विचारला जात नाही. मोठ्या ध्वनिमुद्रणात चाळीस-पन्नास वादकांना काम मिळत असे. १९८३ साली बेकर कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले. पगारी संगीतकार स्टुडिओच्या पदरी ठेवण्याची हॉलिवुडची जुनी पद्धत त्यांच्यापाशी येऊन थांबली, असे मानले जाते. एका बाजूला मुखवट्याआडचे सहा रॉक वादक घरी गेले होते, दुसऱ्या बाजूला वाद्यवृंदांचा जमाना ओसरत होता. टिकून राहिले ते यंत्र आणि ते चालवणारे मोजके हात.

१९८४ साली मायकल आयस्नर कंपनीच्या प्रमुखपदी आले आणि तरुणांविषयीची भूमिका बदलली. १९८५ साली डिस्नेलँडमध्ये ‘व्हिडिओपोलिस’ ही नृत्यभूमी उघडली. मग १९८६च्या सप्टेंबरात ‘कॅप्टन ईओ’ आला : मायकल जॅक्सन नायक, जॉर्ज लुकस निर्माते, फ्रान्सिस फोर्ड कोपोला दिग्दर्शक. कथा अशी की एक अवकाशप्रवासी, सोबतीला केसाळ व चमत्कारिक परग्रहवासी, गाणे आणि नृत्य यांच्या बळावर एका अंधाऱ्या ग्रहाचे रूप पालटतो. त्याचे सोबतीच वाद्ये होतात. ठेका यंत्राचा, त्यावर आधुनिक पॉप आणि रॉकची झळाळी. डिस्नेलँडमध्ये हा त्रिमिती चित्रपट दाखवण्यासाठी जे नवे चित्रपटगृह बांधले गेले, ते स्पेस स्टेजच्या जागेवर.

पाच वर्षांत कल्पना तीच राहिली आणि जागाही तीच राहिली. फरक एवढाच की या वेळी कलावंत फितीवर बंदिस्त होता. मायकल जॅक्सन दिवसाला कितीही खेळ करू शकत होता, तेही न चुकता आणि न थकता. पार्कला जसा रॉक गट हवा होता, तसा तो अखेर चित्रफितीच्या रूपाने मिळाला.

स्पेस माउंटनच्या गाडीतच ध्वनिक्षेपक बसवून विद्युत् गिटार वाजू लागली ती १९९६ साली. सर्फ रॉकचा वादक डिक डेल याने त्यासाठी सँ-साँसची ‘अ‍ॅक्वेरियम’ ही रचना छेडली. म्हणजे रॉक आले तेव्हाही अभिजात रचनेचे बोट धरूनच आले. १९९९ साली फ्लोरिडात ‘एरोस्मिथ’च्या संगीतावर धावणारा रोलर कोस्टर सुरू झाला, तोवर त्या गटाचे चाहते स्वतः मुलाबाळांचे आईबाप झाले होते. डिस्नेलँडमधील इलेक्ट्रिकल परेडची मूळ आवृत्ती नोव्हेंबर १९९६ मध्ये निरोप घेऊन गेली आणि पुढे अनेकदा परतली. ‘बरोक होडाउन’ तिच्यासोबत अमेरिका, टोकियो आणि पॅरिसच्या रस्त्यांवर वाजत राहिले.

हॅलिक्सच्या वाट्याला यांतले काही आले नाही. त्यांची गाणी राहिली ती प्रेक्षकांनी टेपरेकॉर्डरवर टिपलेल्या फितींवर, काही छायाचित्रांत आणि वादकांनी घरी जपलेल्या प्रतींत. या फिती हस्ते-परहस्ते चाळीस वर्षे फिरल्या. २०२० साली ‘डिफंक्टलँड’ या बंद पडलेल्या पाळण्यांचा इतिहास सांगणाऱ्या वाहिनीने त्यांच्यावर ‘लाइव्ह फ्रॉम द स्पेस स्टेज’ हा माहितीपट काढला, आणि मुखवटे उतरवलेले ते वादक कॅमेऱ्यासमोर बसून, आपापल्या खऱ्या नावांनी, त्या एका उन्हाळ्याविषयी बोलले.